मार्थाबाईची बांधावरची जागा

ता. १३ ऑक्टोबर, बुधवार

मार्थाबाई गेली. शेजारच्या खोलीत, मुलाकडं, जोसेफकडं. सकाळी नातीची वेणी घालत होती. अर्धी झाली आणि हात थांबले. शालिनीला वाटलं आजी गुंता सोडवतेय. ती तशीच मान खाली घालून बसून राहिली.

काल संध्याकाळी तर बेटम्याच्या बसनं इंदूरला आली. शेतातल्या ओल्या शेंगा आणल्या. माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "कमलबाई, मीठ जरा सढळ घाल, तुझ्या हाताला चव नाही." शेंगा पातेल्यात तशाच आहेत. फेकवत नाहीत, खाववत नाहीत.

शालिनी अर्ध्या वेणीनं फिरतेय. कुणाला हात लावू देत नाही.

त्याच दिवशी, दिवे लागल्यावर

मिल बंद झाल्यापासून चाळीतली माणसं मयताला सगळ्यात आधी धावतात. समोरचा बंडूभिया दुपारीच बांबू, गवत, मडकं घेऊन आला आणि दारात बसून तिरडी बांधायला लागला. जोसेफ नुसता बघत राहिला. एक गाठ बसल्यावर म्हणाला, "भिया, हमारे में पेटी होती है."

बंडूभियाचा हात सुतळीवर तसाच राहिला. "अरे यार. मैं तो भूल ही गया. काकी अपनीच लगती थी." कुणी हसलं नाही. मलाही आठवलं नव्हतं. मडकं मीच धुऊन दिलं होतं.

फादर आले. उद्या इथल्याच सिमेट्रीत पुरू, असं जोसेफ त्यांना सांगत होता. मला बोलावंच लागलं. गेल्या वर्षी बेटम्याच्या शेतात हरभरा काढताना मार्थाबाई बांधावर बसली होती, नवऱ्याच्या कबरीला टेकून. म्हणाली होती, "मला ह्यांच्या बाजूला ठेवा म्हणावं. जमलं तर." मी तेवढंच सांगितलं. जमलं तर हेही सांगितलं.

जोसेफ म्हणाला, "काकी, ती जमीन विकायचं बोलणं चाललंय. पीथमपूरच्या कारखान्यांचा माल ठेवायला गोडाऊन बांधणार आहेत. एका कबरीवरूनच तो घेणारा माणूस कुरकुर करतोय. मिल आता उघडत नाही. पोरांना काय घालू?" मग हळूच म्हणाला, "जमलं तर, म्हणालीच आहे ना आई."

शालिनी कोपऱ्यातून म्हणाली, "मग जमवा ना पपा."

फादरांनी चहा खाली ठेवला.

ता. १४, गुरुवार

बेटम्यालाच नेली. टेम्पोत पेटी हलू नये म्हणून बंडूभियानं त्याच्या बांबूंची अडण लावली आणि वाटभर स्वतः धरून बसला.

बायकाही निघाल्या. मी दारात थांबले, सवयीनं. आमच्या ह्यांना नेलं तेव्हा मला चाळीच्या नळापर्यंतच जाऊ दिलं होतं. बाईमाणसानं पुढं जायचं नसतं. जोसेफ टेम्पोतून म्हणाला, "काकी, चढा ना."

खड्डा इतका खोल असतो हे माहीत नव्हतं. फादर म्हणाले, माती घाला. घातली. ढेकळं लाकडावर पडली तो आवाज. आपण कुणाच्या अंगावर माती टाकतोय, हे हातातली सुटल्यावर कळलं.

घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. त्यांच्यातल्या कुणी आंघोळ केली नाही. सरळ चहा ठेवला.

ता. २०, बुधवार

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं.

फादर तिच्याबद्दल छान बोलले, पण ती कुणी दुसरीच बाई वाटली. शांत, सोशिक. मार्थाबाई कुठली सोशिक. नगरकडून लग्न करून आली. नवरा मिशनच्या शेतावर राखण करायचा, पुढं चार बिघे स्वतःचे झाले. तो गेल्यावर जोसेफ म्हणाला शहरात चल, तर म्हणाली, "तुझ्या खोलीत म्हैस कुठं बांधू?" गळ्यात क्रूस, कपाळावर कुंकू, नवरा गेल्यावरही. मी एकदा विचारलं. म्हणाली, "तुला लावायचं तर तूही लाव, मी कुणाला सांगत नाही." मी काही लावलं नाही.

मी शाळेत गेले नाही. ह्यांच्या पेपरातून अक्षरं जुळवत वाचायला शिकले. तिला तेही येत नव्हतं. ती इथं आली की मी लायब्ररीतली गोष्ट वाचायची, ती शेंगा सोलायची. गोष्टीतली बाई चार पानं रडली की विचारायची, "हिच्या घरी सैपाक कोण करतं गं?" मला पुढचं वाचता यायचं नाही, हसू यायचं.

आठ दिवस पुस्तक उघडलेलं नाही.

ता. २ नोव्हेंबर, मंगळवार

आज त्यांच्यात मेलेल्यांचा दिवस. कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. जोसेफ, शालिनी, मी, तिघं बेटम्याला गेलो. झेंडूची फुलं नेली. वाऱ्यानं मेणबत्ती टिकेना, शालिनी ओंजळ धरून बसली.

तेवढ्यात गोडाऊनवाला आला. वाईट माणूस नाही. जोडे बांधाखाली काढले, हात जोडले. मग जोसेफला म्हणाला, "जोसेफजी, दोनों को इज्जत से इंदौर सिमेट्री में ले चलते हैं. फादर से बात मैं करूँगा. खर्चा मेरा."

मेणबत्त्या जळत होत्या. माती अजून बसलीही नाही. तिला परत बाहेर काढायचं म्हणतो.

जोसेफ नाही म्हणाला नाही. मी त्याच्याकडं बघत होते. नाही म्हणालाच नाही.

ता. ५, शुक्रवार

आज दुपारी जोसेफ आला. खाली बसला.

"काकी, बापाच्या बाजूला ठेवा म्हणाली ना आई? इथं आणली तरी दोघं बाजूबाजूलाच राहतील. मग तिचं ऐकलं असंच झालं की नाही?"

मी म्हटलं, मला काय विचारतोस.

"तुम्हालाच सांगितलं होतं तिनं. फादर म्हणतात घरच्यांनी ठरवा. तुम्ही हो म्हणा, मी हो म्हणतो. नाही म्हणा, गोडाऊनवाल्याला नाही सांगतो. रविवारी तो येणार आहे."

मी विचार करते म्हटलं. आणि खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. सिमेट्री इथून चालत जाण्यासारखी. रोज संध्याकाळी जाऊन बसता येईल, बस नको, कुणाची सोबत नको. तिला उकरून काढायचं बोलणं चाललंय आणि मी माझ्या जाण्यायेण्याची सोय बघतेय.

जोसेफ गेल्यावर शालिनी आली. दारातूनच म्हणाली, "आजी, तुम्ही हो म्हणणार आहात. तुमच्या तोंडावर दिसतंय."

मी तिला आत बस म्हटलं. बसली नाही. नाही म्हणणार आहे असं मला तिला सांगता आलं नाही.