चावी माझ्याकडे

३ मार्च

गोळी घेतली एकदाची! पाण्याचा ग्लास हातात धरून सूनबाई इतका वेळ उभी राहिली की शेवटी मीच म्हटलं, आता गिळ, नाहीतर मी गिळते. हसली. आम्ही तिला काडी म्हणतो — अंगाने तशीच आहे. डॉक्टर हिपॅटायटिस सी म्हणतात, काडी म्हणते 'भाडेकरू'. पूर्वी नशेच्या सुया टोचून घ्यायची, तेव्हापासून यकृतात ठाण मांडून बसलाय. बारा आठवडे औषध, की घर रिकामं!

नशा सुटली ती मेथाडोनवर — नशेची तलफ भागवणारं पातळ औषध. व्यसनमुक्ती केंद्रातून आठवड्याच्या बाटल्या मिळतात, दिवसाला एक. त्या माझ्या कपाटात कुलपात. चावी माझ्या गळ्यात, मापाच्या टेपखाली. तिनेच दिलीय. "आई, तुमच्याकडेच असू द्या. माझा माझ्यावर अजून भरवसा नाही." लेक ट्रक घेऊन महिना-महिना बाहेर, त्यामुळे घरात आणि शिवणाच्या दुकानात आम्ही दोघीच.

५ मार्च

शेजारीण कानाशी लागली — तिचा कप वेगळा ठेवा हो. मी तिच्यादेखत काडीच्या हातातला कप घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. भलताच गोड! शेजारणीचं तोंड बघण्यासारखं झालं. काडी दिवसभर काजं करत होती आणि मधूनच स्वतःशी हसत होती.

८ मार्च

दुपारपासून डोक्यात एकच. यकृत आधीच पोखरलेलं, त्यात या नव्या गोळ्या, आणि वर रोजचं मेथाडोन — दुष्काळात तेरावा महिना! काडीला म्हणावं तर ऐकायची नाही. निम्मं कमी झालं तर यकृताला तेवढाच विसावा.

उद्याच्या बाटलीतलं अर्धं मोरीत ओतलं. साखरेच्या पाण्याने भरून काढलं. कापड कमी पडलं की आपण जोड लावतोच की!

१२ मार्च

काडीला बरं नाही. जांभयांवर जांभया, नाक गळतंय, पाय ठणकतायत. काज कापताना कात्री घसरली आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला चीर गेली. मी गुपचूप रफू केलं. म्हणाली, "आई, भाडेकरूपेक्षा या गोळ्याच जड जातायत. नकोत मला." मी रागावले — अर्ध्यावर सोडलंस तर तो कायमचा राहील! मग पाय चेपून दिले. औषध लागू पडत असेल, म्हणून त्रास, असं मनाला समजावलं. रोजच्यासारखा उद्याच्या बाटलीलाही जोड लावलाच.

१६ मार्च

केंद्रातून आली ती चप्पल न काढता खुर्चीत बसली. नर्स म्हणाली म्हणे, हा गोळ्यांचा त्रास नाहीच, हे मेथाडोन कमी पडल्याचं आहे. बाटल्या पुऱ्या घेतेस, की विकतेस? आता घरी बाटल्या देणं बंद करणार आहेत.

"मी नाही विकल्या, आई. तुम्हाला तरी पटतंय ना?"

पटतंय म्हटलं. मोरीचं मात्र सांगितलं नाही. भित्री मेली मी!

१७ मार्च

दुकान उघडलंच नाही. काडीला घेऊन केंद्रात गेले आणि रांगेतल्या सगळ्यांदेखत सांगितलं — तिला नका बोलू, मोरीत मी ओतलंय. साखरेच्या पाण्यासकट सगळं सांगितलं. नर्सने कपाळावर हात मारला.

"मावशी, ठरलेल्या मात्रेत मेथाडोन यकृताला खात नाही. या गोळ्यांशीही त्याचं भांडण नाही. तुम्ही कमी केलंत आणि ती गोळ्या सोडायला निघाली होती!"

मात्रा आता तेच बघून देणार. काही दिवस रोज तिथे जाऊन घ्यायचं, मग पुन्हा बाटल्या.

घरी आल्यावर काडीने हात पुढे केला. मी चावी काढून दिली. तिचं काही चुकलं नाही.

२५ मार्च

जांभया थांबल्या. गोळी घेते रोज. माझ्याशी बोलते — कामापुरतं. पोटची पोर असती तर भांडून मोकळी झाली असती. ही भांडतही नाही, त्याचंच वाईट वाटतं.

२५ मे

शेवटची गोळी! भाडेकरू खरंच गेला का, ते ऑगस्टात रक्त तपासल्यावर कळणार. बाटल्या पुन्हा घरी येतात, कपाट तेच, चावी तिच्या गळ्यात. आज मी चहा केला. तिने कप नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं. "यात साखरेचं पाणी तर नाही ना, आई?"

दोघी हसलो. मग मी रडले. मग तिने माझा कप उचलून त्यातला घोटभर प्यायला. चहा गार झाला, पण बरं वाटलं.

१८ ऑगस्ट

काडी रिपोर्ट घेऊन आली. मी मशीनवर होते. तिने माझ्या गळ्यातला टेप उचलला, त्याखाली चावी घातली आणि टेप सारखा केला.

रिपोर्टचं विचारायचं मी विसरूनच गेले. तिनेच सांगितलं — भाडेकरू गेला.