प्रज्ञेशच्या सत्काराविषयी

धायरी, पुणे

आदरणीय रामदासदादा,

सविनय जय भीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? कौशल्यावहिनीने पाठवलेली सांडगी मिरची पोहोचली (निम्मी, उरलेली कुरिअरवाल्याने चाखली असावी). आमच्या दोघांच्या तब्येती गोळ्यांच्या ऐकण्यात आहेत.

प्रज्ञेशच्या सत्काराच्या फोटोखाली तू परवा फॅमिली ग्रुपवर लांबलचक अभिनंदन लिहिलंस आणि शेवटी 'रविवारी सहकुटुंब येतो, भाच्याच्या हॉटेलात जेवतो' असंही जाहीर केलंस, म्हणून हे पत्र. फोनवर मला रडू येईल आणि ग्रुपवर सगळे नातेवाईक कान लावून बसलेत.

तुला माहीतच आहे, आपला प्रज्ञेश डॉक्टरांच्या कागदावर आठ वर्षांचा आहे आणि मतदार यादीत एकतीस. नारायण पेठेतल्या हॉटेलात आप्पासाहेबांनी त्याला घेतलं, ते ताटं उचलायला. विशेष मुलांच्या कार्यशाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं, रिकामं ताट उचलायचं, भरलेल्याला हात लावायचा नाही. तो शिकलेलं विसरत नाही. त्यामुळे कुणी कारल्याची भाजी टाकून उठायला लागलं की हा शेजारी उभा, ती संपायची वाट बघत. गिऱ्हाइकं निमूट परत बसून खायची. (पुण्यात गिऱ्हाइकाला धाक घालणं काही नवीन नाही, पण हा हसून घालायचा, तेच लोकांना जड गेलं असावं.) कुणीतरी इंटरनेटवर एक तारा देऊन लिहिलं, इथे सक्तीने जेवू घालतात. आप्पासाहेबांनी ते छापून भिंतीवर लावलं. असा माणूस.

पण आप्पासाहेब थकले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा ऋषी बसला. बोलायला गोड. त्याने फोन केला, काकू, प्रज्ञेशचा सत्कार करायचाय, दोघंही या. माझ्या पोराचा सत्कार, दादा. मी ठेवणीतली साडी काढली, यांनी उकाड्यात कोट चढवला. शाल, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, वर ऋषीचं भाषण. भाषणात 'आजवरच्या सेवेबद्दल' असं दोनदा आलं. सरकारी कचेरीत मी जन्मभर निरोपसमारंभांचे पेढे खाल्ले, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी टाळ्या वाजवत होते. घरी येऊन अख्ख्या सोसायटीत पेढेही वाटले.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञेश भर मे महिन्यात शाल पांघरून कामावर गेला. तासाभरात ऋषीचा फोन. अहो काकू, तो निरोप होता, थेट सांगणं जिवावर आलं हो. हे जाऊन त्याला घेऊन आले. येताना बसमध्ये शेजारच्यांनी विचारलं, ताप आहे का, तर म्हणे, नाही, सत्कार आहे.

मग त्याला खरं सांगणं माझ्याही जिवावर आलं. मी म्हटलं, हॉटेलात रंगकाम चालू आहे. तेव्हापासून तो रोज आंघोळ करून, भांग पाडून, शाल मांडीवर घेऊन दाराशी बसतो आणि विचारतो, आज कोणती भिंत? मी रोज एक भिंत रंगवते. भिंती झाल्या, छत झालं, मोरी झाली, काल तर मी टेबलांचे पाय रंगवले. ऋषीला नावं ठेवायला मला तोंड उरलेलं नाही.

फार वाईट वाटतं रे. संध्याकाळी घरात पाऊल टाकता टाकता तो 'दमलो बुवा' म्हणायचा, अगदी यांच्यासारखा. तेच त्याचं सुख होतं. आता दिवसभर बसून असतो आणि दमलो म्हणत नाही.

तर रविवारी येऊ नकोस. बाकी आमचं ठीक आहे, काळजी नसावी. वहिनीला जय भीम.

तुझी धाकटी,
जया

ता. क. तुमच्या पियुषच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताटं उचलायला माणूस लागतो का, तेवढं विचार. तिथे कारलं करत नसतील तर उत्तम.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात प्रज्ञेश आला. आज त्याने भिंत विचारली नाही. शालीची घडी घालून, ज्या पिशवीतून ती मिळाली त्याच पिशवीत भरून त्याने माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "आई, शाल दिली आणि काम बंद झालं. आपण शाल परत देऊ. मग घेतील ना?"

मी हो म्हणाले. रविवारी जायचं ठरलंय. दादा, वर काय लिहिलंय ते विसर आणि तू ये. त्या दारात त्याच्याशेजारी मला उभं राहवणार नाही.