मसाल्याच्या डब्यातली घाटेअळी

२ नोव्हेंबर १९८२
लातूर जिल्हा होऊन तीन महिनेही झाले नाहीत. नव्या जिल्ह्याला नव्या दमाची माणसं लागणार. म्हणजे मी. आजपासून नियमित रोजनिशी. पहाटे उठणे, व्यायाम, इंग्रजी सुधारणे. (व्यायाम उद्यापासून. आज अंगात कसकस आहे.)
ऑफिसात खबर: मोठे साहेब प्रत्येक कृषी केंद्राला येणार. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा बंदोबस्त कसा करता, ते शेतात उभं राहून बघणार. काम आवडलं की जिल्ह्याच्या ठिकाणी बढती. शिरूर अनंतपाळचं केंद्र म्हणजे मीच, विरूपाक्ष, बी.एस्सी. अ‍ॅग्री. बढती झाल्यातच जमा.

४ नोव्हेंबर
एक बारीकशी अडचण. दुष्काळ. रब्बी कुणी पेरलीच नाही, तर अळी येणार कुठून? हिरवं म्हणून एकच रान. तळं आटलं, त्याच्या गाळात नागुबाईनं हरभरा टोकलाय. विधवा बाई, वर्षाचं पोट त्या गाळपेरीवर. जाऊन विचारलं, अळी दिसते का. म्हणाली, "न्हाई साहेब. औंदा मानसालाच खायला न्हाई, अळी काय खाईल?" नीट बघा, पडेल, असा मी धीर दिला. ती घाबरली. धीर कसा घ्यावा तेही या लोकांना कळत नाही.

९ नोव्हेंबर, सायंकाळी
लाइट ट्रॅप. पेट्रोमॅक्स टांगला, खाली परातीत पाणी. पतंग येतील ही शास्त्रीय अपेक्षा. बेडूक आले. सौ. म्हणाली, परात भाकरीच्या पिठाची आहे. विज्ञानाला विरोध नेहमी घरातूनच होतो.

१६ नोव्हेंबर
कंधारला बहिणीच्या नवऱ्याकडे, शिवलिंगकडे गेलो. त्याच्या विहिरीवरच्या तुरीत अळ्याच अळ्या. तो शिव्या देत होता, मी त्याचं अभिनंदन केलं. टिफिनात भरून एसटीनं आणल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, डब्यात काय? भजी, म्हणालो. त्यानं उतरेपर्यंत डब्यावरची नजर काढली नाही.

१७ नोव्हेंबर
काल सगळ्या लोणच्याच्या बरणीत ठेवल्या. सकाळी निम्म्याच. उरलेल्या जाडजूड. एकमेकींना खातात! कापूस, तूर, हरभरा, टमाटे, सगळं चालतं हिला, सख्खी बहीणसुद्धा. हिची चुलत बहीण लष्करी अळी निदान गुण्यागोविंदानं फौज करून चालते. इथं नुसती भाऊबंदकी.
उपाय सापडला: सौ.चा मसाल्याचा डबा. प्रत्येकीला स्वतंत्र वाटी, वाटीत माती आणि तुरीची शेंग. हळद-मोहरी कागदात बांधली. सौ. बिलोलीला माहेरी गेली. डबा रिकामा झाला की कळवा, म्हणे.

१२ डिसेंबर
अळ्या मातीत शिरून कोष झाल्या होत्या. आज पतंग निघाले! रंग मळकट, पंखावर घेवड्याच्या दाण्यासारखा डाग. दिसायला काही खास नाहीत, पण कंदिलापुढे डोळे हिरवे चमकतात. कापसावर साखरपाणी दिलं. प्यायले. मला भरून आलं.

१४ डिसेंबर
साहेब महिनाअखेरीला येणार. योजना: पतंग नागुबाईच्या हरभऱ्यात सोडायचे. फक्त एका कोपऱ्यात. मग अंडी, अळ्या, साहेब, माझी कीटकनाशक पावडर, फोटो. कुणी म्हणेल, आग लावून बंब आणताय. पण बंब माझ्या गोदामात तयार आहे, हा फरक लोक लक्षात घेत नाहीत.
दिवेलागणीला सोडले. कोपऱ्यातच राहा, असं बजावलं.

२९ डिसेंबर
साहेब आले नाहीत. नव्या ऑफिसच्या खुर्च्या आल्या नाहीत, त्याची मीटिंग. नवी तारीख कळवतील. अळ्यांना कळवायची सोय नाही.

३ जानेवारी १९८३
नागुबाई आली. "पडली बगा साहेब. तुमी म्हनला व्हतात तसंच झालं. लई कळतं तुमाला." माझी मान ताठ झाली. मग तिनं हात जोडून पावडर मागितली. म्हणालो, साहेबांसमोर मारू, जरा दम धरा. व्हय, म्हणाली आणि गेली.
जेवण गेलं नाही. हवा बदललीय.

६ जानेवारी
अळी रानभर. ठरवलं, साहेब गेले खड्ड्यात, पावडर आजच मारायची. गोदामवाला म्हणाला, साठा जुन्या जिल्ह्याच्या नावावर आहे, तिकडच्या हुकमाशिवाय पोतं उघडता येत नाही. भांडलो. पाया पडायचं तेवढं राहिलं. बंब आहे, चावी जुन्या जिल्ह्यात.

८ जानेवारी
सौ. परतली. डबा उघडला. वाटीत कोषाचं टरफल होतं. ते घेऊन माझ्याकडे बघत राहिली, मग तळ्याकडे गेली. मागोमाग गेलो. नागुबाई आणि बाया ओणव्या होऊन झाडं पोत्यावर झाडत होत्या. पडलेल्या अळ्या कोंबड्यांपुढे. सौ.नं पोत्याचं एक टोक धरलं. मला कुणी टोक दिलं नाही. तसा मी तांत्रिक माणूस.

१५ जानेवारी
साहेब आले. अळी एकही नाही. घाटेही जवळजवळ नाहीत. साहेबांनी विचारलं, पावडर न वापरता अळी कशी गेली? बायांनी पोती दाखवली. साहेब खूष. म्हणाले, बायका पोत्यावर भागवतात, तर इथं माणूस कशाला? केंद्र बंद. माझी रवानगी परत जुन्या जिल्ह्यात.

१७ जानेवारी
बांधाबांध. मसाल्याचा डबा सौ.नं घेतला नाही, भंगारात टाकला.
नागुबाई निरोप द्यायला आली. रानात काही राहिलं नाही, उद्यापासून दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणार म्हणाली. पदरातून हरभऱ्याच्या डहाळ्याची जुडी काढली. उरल्यातलं निवडून माझ्यासाठी आणलेली. "तुमी आदीच सांगितलं व्हतं साहेब. आमीच मनावर घेतलं न्हाई."
सौ. दारात उभी होती.
एक घाटा सोलला. भोक, आत काही नाही. दुसरा तसाच. नागुबाई समोर बसलेली. म्हणाली, "खा की."
टरफल तोंडात टाकलं, चावलं. गोड आहे, म्हणालो.