रियालचा कौल

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सकाळी दिनूचा व्हिडिओ कॉल चालू असताना देवाच्या पुढ्यात फोन पालथा घातला. ठरवून नाही, हातच गेला. आतून ओरडतोय — "दादा, काळोख झाला! दिसत नाय काय!" मग सुलटा केला आणि कौल लावला. बापदेवाच्या दोन खांद्यांना दोन ओल्या पाकळ्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्या घराकडे पूजा आल्यापासून असंच चालत आलंय.

आणि प्रश्न काय? तर रियाल अडीचशे रुपये होईल का!

उजवी पडली. मस्कतला बसलेला माझा धाकटा भाऊ खूश. "बघ! मग थांबतो अजून." म्हणजे इथे अंथरुणाला खिळलेल्या आईनेही थांबायचं.

पितृपंधरवडा चालू आहे. बाबांची तिथी त्याला आठवत नाही. रेट मात्र तोंडपाठ.

१९ सप्टेंबर

तेरा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा रियाल एकशेतीसच्या आतबाहेर होता. पहिला कौल मागितला — दीडशे होईल? उजवी. झाला. मग दोनशे. उजवी. वेळ लागला, पण झाला. मग सव्वादोनशे. तोही झाला! मधे उतरतो, परत चढतो. प्रत्येक वेळी हा म्हणणार, "एवढा झाला की कायमचाच येतो, मग कशाला दोनदा तिकीट?" चार वर्षं फिरकलेला नाही.

रियाल डॉलरला बांधलेला आहे, तो जागचा हलत नाही म्हणे. हलतो तो आपला रुपया, आणि हलतो तो खाली. म्हणजे तेरा वर्षं मी देवाला एकच विचारतोय — आम्ही अजून घसरणार का? आणि देव खरं तेच सांगतोय. त्यात त्याचा काय दोष.

आईचे वडील धरमतरहून गलबतावर मस्कतला जायचे. तेव्हा तिकडे आपलाच रुपया चालायचा. गुरुजींनी शाळेत सांगितलेलं अजून लक्षात आहे — सहासष्टला सरकारने रुपयाची किंमत उतरवली आणि तिकडच्या एकेका मुलखाने त्याची साथ सोडली. मस्कतने सत्तरपर्यंत ठेवला. आजोबांना कधी विचारावं लागलं नाही, आज काय भाव. माल उतरला की शीड वर, आणि घरी.

५ ऑक्टोबर

आईला आता पेजही जात नाही. पेणच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "औषधाचं काम संपलं. माणसं भेटवा."

दिनूला लगेच कळवलं. "दादा, दोनशेतीसवर आलाय! आता निघालो तर सगळं मुसळ केरात. नोकरी सोडताना कंपनी हिशेब एकदाच करून देते. रोह्याला ब्लॉक बघून ठेवलाय, तू काळजी करू नको. आईला लिफ्टनं वर नेतो."

लिफ्टने! स्मशानात लिफ्ट नसते म्हणून सांगणार होतो. जीभ चावली.

आई डोळे मिटून सगळं ऐकत होती. "त्याच्या त्या रियालला आय नाय काय रे?" मग थोड्या वेळाने — "माझा बाप शिडाच्या गलबतातनं शिमग्याला घरी यायचा. याला विमान हाय तरी गावत नाय."

१२ ऑक्टोबर

कौल. उजवी. सांगितलं त्याला. जेवलो नाही.

२४ ऑक्टोबर

शेजारची अनिता नारळ घेऊन देवळात आली. तिचा नवराही मस्कतला. "भाऊ, देवाला सांगा ना, रुपया अजून पडू दे. घराचा स्लॅब बाकी हाय."

नारळ हातात तसाच राहिला. "देशाचं वाटोळं मागतेस गो?"

हसली. "देश लांब हाय भाऊ. स्लॅब डोक्यावर पायजे."

फोडला नारळ. दुसरं काय करणार! बाहेर येऊन हात धुतले, तरी चिकट वाटत राहिले. हे सगळं दिनूने सुरू केलं. देवाचा त्याने रेटचा बोर्ड करून ठेवला. सख्खा भाऊ आहे, पण त्याचं तोंड बघू नये असं वाटतं. आणि आईसाठी तेच तोंड दिसावं म्हणून रोज हात जोडतो.

२ नोव्हेंबर, रविवार

आईने कालपासून डोळे उघडले नाहीत.

सकाळी त्याचा फोन आला. "लाव कौल. रियाल अजून चढेल काय?" फोन पालथा ठेवला. या वेळी ठरवून. "दिसत नाय रे!" म्हटलं, रेंज नाही, नुसतं ऐक.

पाकळ्या लावल्या. उजवी पडली. माझ्या पायाशी.

"काय दिलं?"

"डावी."

"डावी? नक्की?"

"डावी."

फोन कट झाला असं वाटलं. मग "बरं," म्हणाला. ठेवला.

देवाकडे न बघता दार ओढून घेतलं.

४ नोव्हेंबर

तिकीट काढलंय, शुक्रवारी येतो म्हणाला. उजवी पाकळी अजून तिथेच सुकून पडली आहे. झाडायला हात होत नाही.

७ नोव्हेंबर

आला. हातात मोठी बॅग, अंगाला अत्तराचा वास. आईजवळ बसला. तिने डोळे उघडले! बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "टक्कल पडलं की रे तुला." दोन चमचे पेज गेली.

त्याचा एक हात तिच्या पायावर होता. दुसऱ्या हातात फोन. रेट बघत होता! ओढून अंगणात फेकावासा वाटला.

१६ नोव्हेंबर

आई गेली. पहाटे. दिनूच्या मांडीवर.

३ डिसेंबर

रियाल दोनशे चौतीसवर.

अनिता दारात उभी. डावी पडल्याचं गावभर झालं होतं. तिने नवऱ्याला सांगून होता नव्हता तो सगळा पैसा तेव्हाच मागवून घेतला. "महिनाभर थांबले असते तर खिडक्यापण झाल्या असत्या. देव चुकला की हो, भाऊ."

मला काय म्हणाली असती तर ऐकून घेतलं असतं. देवाला म्हणाली. नळावरच्या बायका पण तेच बोलताहेत — बापदेवाचा कौल खोटा गेला.

७ डिसेंबर, रविवार

आरतीनंतर सगळ्यांसमोर सांगितलं. उजवीच पडली होती. खोटं मी बोललो, देव नाही. गाभाऱ्याची चावी महिपतीच्या हातात ठेवली, तो दुसऱ्या घरचा मानकरी. ज्या तोंडाने देवाच्या नावावर खोटं सांगितलं, त्याने आता मंत्र म्हणायचे नाहीत.

पायरीवर दिनू चपला घालत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तेरा वर्षांत डावी कधी पडली होती रे? तू डावी म्हणालास तेव्हाच कळलं, दादा खोटं बोलतोय. म्हणजे आईचं काय खरं नाय. म्हणून निघालो."

चार पावलं गेला आणि मागे वळला.

"रियाल तिकडंच हायत. एक पण रुपयात बदलला नाय."