उलटे महिने

४ ऑक्टोबर

आज डोक्याची परीक्षा. सीझन सुरू होताना टीममधल्या सगळ्यांची होते. डॉक्टर खदिजा शब्द वाचून दाखवतात, ते लक्षात ठेवून परत म्हणायचे, मग वर्षाचे महिने उलटे. पुढे कधी डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. आजच्यापेक्षा कमी मार्क पडले तर घरी बसा! म्हणून आज सगळे मुद्दाम चुकतात. मीही चुकलो. नोव्हेंबरनंतर ऑगस्ट म्हणालो, तेही ठोंब्यासारखं तोंड करून. आइस हॉकीचा डिफेन्समन म्हटल्यावर कुणाला संशयही येत नाही.

ग्लोव्हजना नासलेल्या बोंबलांचा वास येतो. अम्मी बॅग घरात घेऊच देत नाही.

१८ ऑक्टोबर

जिंकलो. एकाला भिंतीवर असा आपटला की स्टँड उभं राहिलं. पोरंबाळं घेऊन आलेले लोक, आणि ओरडतात काय — रक्त काढ!

वरुण आमचा मॅनेजर, पुण्याचा. खांद्यावर हात टाकून म्हणतो, "गोल कोणीही मारेल रे नावेद. लोक तुला मारताना बघायला येतात." अमवाजच्या चौकात माझं पोस्टर लावलंय — पडलेले दात, ओठावर रक्त. दापोलीहून इथे आखातात आलेल्या पोराने बर्फावर नुसतं उभं राहायला शिकण्यात वर्षं घातली. आणि दाखवायचं काय, तर बोळकं. शी!

२९ नोव्हेंबर

मागून धक्का. डोकं काचेवर. बाकाशेजारच्या बादलीत ओकलो. मान वर केली तर वरुणचा मोबाईल समोर. "जरा इकडे बघ ना, भारी रील होईल!" त्याच्या बुटांवर ओकायला हवं होतं. डॉक्टरांनी खेळ थांबवला. विश्रांती, मग परीक्षा.

७ डिसेंबर

घरी, अरादला. उजेड नको वाटतो.

अदीबा म्हणाली, "खलास. मफी हॉकी, आता हॉकी नाही. सलमाबादला माझ्या अब्बांच्या वर्कशॉपमध्ये जा, एसी दुरुस्त कर." मी भांडलो. बायको आहे, तिला काय कळतं बर्फातलं — असं बोलून गेलो. वाईट बोललो.

लाईबाला पहिल्यांदा बर्फावर आपटलो ती गंमत सांगत होतो. अर्ध्यातच म्हणाली, "अब्बू, यू टोल्ड मी दिस यस्टरडे." मी ओरडलो. काल कुठे सांगितली? अम्मी आतून आली. "पोरीवर कशाला वरडतोस रं?" स्वतःचीच किळस आली.

ग्लोव्हजना नासलेल्या बोंबलांचा वास येतो. हे लिहायचंच राहिलं होतं.

१२ डिसेंबर

वरुण घरी आला होता. पुढच्या सीझनचं काँट्रॅक्ट तयार आहे म्हणे, फक्त परीक्षा पास हो. मग डोळा मारून, "तुला कसली काळजी? ऑक्टोबरमध्ये माती खाऊन ठेवलीयस ना!" आणि खदाखदा हसला. अम्मीने केलेली खीर चाटूनपुसून खाल्ली. त्याच्या ओठांकडे बघवेना.

तो गेल्यावर अदीबाला शब्द दिला — यावेळी नाटक नाही. जीव तोडून उत्तरं देईन. ऑक्टोबरमध्ये मी मुद्दाम बावळट झालो होतो, तेव्हा खरा नावेद त्याच्या कितीतरी वर जायलाच हवा. तेवढा वर गेलो तर खेळेन. नाही गेलो तर एसी. तिने डोळे पुसले. "इंशाल्ला," म्हणाली.

वर जाणारच. वरुणचं तोंड बघायचंय मला!

१५ डिसेंबर

परीक्षा झाली. सोपी वाटली. डॉक्टर खदिजांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसल्या. "मबरूक, नावेद! बिलकुल ऑक्टोबर जैसा. कोई फरक नहीं. फिट!" वरुणने मिठी मारली, कानात म्हणाला, "काय ॲक्टिंग करतोस रे!"

आज मी मुद्दाम एकही चूक केली नव्हती.