उघड्या खिडकीतल्या मिरच्या

उरवडे, ता. मुळशी

तीर्थरूप आईस,
रेवतीचा नमस्कार. फोनवर सांगितलं तर लगेच रडशील, म्हणून लिहितेय. मी ठीक आहे. कारखान्यातलं कामही जमतंय.

'घरमालकीण म्हणेल तसं वाग,' असं तू बजावलं होतंस. नाही वागले. रविवारी जाड मिरच्यांच्या बिया काढल्या. डब्यातला ट्यूना, म्हणजे आपला कुपाच, कांदा-खोबऱ्यात कालवला, तुझं कोकमाचं आगळ घातलं. मिरच्या भरून, रवा लावून तव्यावर तळल्या. खिडकी उघडी ठेवून.

घरमालकीण रंभाबाई दारात आल्या. "ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ हाय. मासळी हितं चालायची न्हाई. खोली रिकामी कर!"

"करते. आधी जेवते," मी म्हटलं. आणि पोटभर जेवले.

संध्याकाळी त्यांचे यजमान बहिरूकाका ओसरीवरून म्हणाले, "रंभा, माझी माळ खुंटीला लाव. पोरी, एखादी मिरची उरलीय का गं?"

काकांनी दोन खाल्ल्या. रंभाबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण खोलीचा विषयही काढत नाहीत.

बाबांचा खोकला कसा आहे? आगळाची बाटली पाठव. येत्या रविवारी जास्त करणार आहे, आणि खिडकी उघडीच ठेवणार आहे.

तुझीच,
रेवती