योगाची शुद्ध चाचणी

३ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. डॉक्टर अनुपमने माझा रिपोर्ट टेबलावर असा ठेवला, जसा काही मी नापास होऊन आलोय. हा अनुपम चेरीतालला आमच्या गल्लीत हाफपँटवर पतंग लुटत फिरायचा. आता नेपियर टाउनमध्ये क्लिनिक, बाहेर मासोळ्यांची काचेची टाकी, आणि मला शिकवतो. म्हणे, काका, तीन महिन्यांची सरासरी साडेनऊ आहे. गोळ्या रोज घ्या, गोड बंद करा, आणि सोबत योगाचा क्लास लावा. ताण कमी होईल, चिडचिड कमी होईल, शुगरलाही थोडी मदत होईल. तीन महिन्यांनी परत बघू. नाही उतरली तर इन्सुलिन.

चिडचिड? कोणाची चिडचिड? असं मी विचारलं तर बाहेरचे दोन पेशंट दार ढकलून बघून गेले.

इन्सुलिन म्हणजे रोज सुई. तीही पोटात. मी आयुष्यभर फॅक्टरीत तोफगोळे तपासले, मी सुईला घाबरत नाही. मला फक्त ती आवडत नाही.

४ नोव्हेंबर
निर्णय झाला. योग करणार, आणि असा करणार की अनुपमच्या मासोळ्यांनीसुद्धा तोंडात पर घालावेत.

पण गोळ्या बंद. कारण शास्त्रीय आहे. आमच्या क्वालिटी सेक्शनचा पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गोळ्याही घेतल्या, योगही केला आणि शुगर उतरली, तर श्रेय कोणाला? गोळीवाल्या कंपनीला. म्हणून योगाची शुद्ध चाचणी. शैलजाला सांगण्यात अर्थ नाही, बायकोला टेस्टिंग कळत नाही. ती सकाळी गोळ्या हातावर ठेवते, मी तोंडात टाकतो, मागच्या अंगणात जाऊन तुळशीच्या कुंडीत थुंकतो आणि बोटाने माती सारखी करतो.

याच नियमाने आहारही आहे तसाच ठेवावा लागेल. रविवारचे पोहे आणि खोव्याची जिलबी अचानक बंद केली तर चाचणी बिघडेल. मन मारून चालू ठेवतो.

६ नोव्हेंबर
क्लासचा पहिला दिवस. संताप.

कॉलनीच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा. शिकवणारी पूर्णिमा, दीक्षितपुऱ्याची, वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. मला अंकलजी म्हणते. शैलजाही आली सोबत, म्हणे मी नुसती बसते, आणि तिने सगळं पहिल्या झटक्यात केलं.

शेवटी शवासन. पूर्णिमा म्हणाली, डोळे मिटा, जे विचार येतील ते येऊ द्या. आले. पहिला आला गेटासमोर कार लावणारा शेजारी. मग गॅस एजन्सीचा मॅनेजर. मग तो साहेब, ज्याने माझं प्रमोशन अडवलं. मी पडल्या पडल्या तिघांनाही सुनावलं, आणि मग एकदम उठून बसलो, कारण साहेबाला आडवं पडून बोलणं शोभत नाही. पूर्णिमा म्हणाली, अंकलजी, साँस छोड़िए, पकड़ के मत रखिए. मी सांगितलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून घेतोय आणि सोडतोय.

बाजूला भय्यासाहेब. रेल्वेतून रिटायर, शुगर यालाही. शवासनात चक्क घोरत होता. पूर्णिमा सगळ्यांना म्हणते, देखिए, कितने रिलॅक्स्ड हैं. झोपलाय तो!

१२ नोव्हेंबर
भय्यासाहेब क्लासच्या आधी सगळ्यांसमोर डबी उघडून गोळी घेतो. लाज नाही. मी बाजूला नेऊन त्याला एका वेळी एका गोष्टीचा नियम समजावला. (माझं नाव न घेता.) तो म्हणाला, रत्नाकरराव, मला कुठं चाचणी करायची आहे बाप्पा, मला बरं राहायचं आहे. वर म्हणतो, तुम्ही काहून इतके तापून राहिले?

मी तापलेलो नव्हतो. समजावताना माझा आवाज तसाच असतो.

२७ नोव्हेंबर
थंडी. सकाळी सहाला क्लास ठेवणाऱ्याला समोर उभं करून जाब विचारावा असं वाटतं. गेलो नाही. पण खाडा नाही झाला. पूर्णिमाच सांगते की योग हा शरीर आणि मन दोघांचा व्यायाम आहे. शरीराला थंडी वाजत होती, म्हणून आज मनाने केला. रजईत पडून बारा सूर्यनमस्कार घातले, मनात, फॉर्म उत्कृष्ट. मध्ये डोळा लागला असेल तर तो शवासनाचा भाग.

शैलजा एकटी जाऊन आली. तिचा चेहरा कसा टवटवीत झालाय. मला राग आला, शुगर कोणाची आहे?

८ डिसेंबर
शैलजाने घरी शुगर तपासायचं मशीन आणलं. बोटाला टोचायचं म्हणे. मी सांगितलं, चाचणी चालू असताना मधेच कोणी सारखं झाकण उघडून बघतं का? तिने स्वतःच्या बोटाला टोचून दाखवलं. नॉर्मल. मी म्हणालो, बघ, मशीन ठीक आहे, ठेव कपाटात.

या महिन्यात क्लास थोडे कमी झाले. एकदा मॅटला वास येत होता. एकदा मॅच. एकदा शेजाऱ्याने परत गेटासमोर कार लावली, त्याच्याशी बोलण्यात सकाळ गेली. या वेळी मात्र मी बोलताना श्वास खोल घेत होतो, म्हणजे तोही प्राणायाम धरायला हरकत नाही.

१९ डिसेंबर
योगाचा परिणाम दिसायला लागला!

सारखी तहान लागते. तांब्यावर तांब्या. लघवीलाही सारखं जावं लागतं. शरीर आतून धुऊन निघतंय. पायाला मुंग्या येतात, तो प्राण वाहत असणार. शैलजा म्हणाली, अहो, अनुपमला दाखवून या ना. मी म्हणालो, काय दाखवू, प्राण?

तुळस वाळली. गेल्या महिन्यात नर्सरीवाल्याने छातीठोक सांगितलं होतं, ये कभी नहीं सूखेगी. भामटा. उद्या त्याच्याकडे जातो.

२ जानेवारी
नेपियर टाउनच्या चष्मेवाल्याशी कडाक्याचं भांडण. दोन महिन्यांपूर्वीचा चष्मा, आणि आता पेपरातली मोठी अक्षरंही वितळल्यासारखी दिसतात. मी काच त्याच्या काउंटरवर आपटली. त्याने शांतपणे विचारलं, अंकल, शुगर तो नहीं बढ़ी? चोर तो चोर, वर डॉक्टर! आजकाल या शहरात प्रत्येकाला माझी शुगर काढायची आहे. ऑटोवाला तेवढा राहिलाय.

१४ जानेवारी
पँट ढिली झाली! पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. चार किलो उतरलो. क्लासमध्ये मुद्दाम शर्ट आत खोचून गेलो. भय्यासाहेबाचं पोट तसंच आहे.

कोणी कौतुक केलं नाही. पूर्णिमा माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, अंकलजी, दवा चालू है ना? योग दवा के साथ करते हैं, दवा की जगह नहीं. मी म्हणालो, बिलकुल चालू है. आणि हे खोटं नाही. गोळ्या रोज चालूच आहेत, कुंडीत.

संक्रांत. कॉलनीत प्रत्येक जण माझ्याच हातावर तिळगूळ ठेवताना गोड बोला हे शब्द जरा जास्तच जोर देऊन म्हणतो. इतका राग आला की सगळ्यांचे तिळगूळ खाऊन टाकले.

२५ जानेवारी
नर्मदा जयंती. ग्वारीघाटावर तुफान गर्दी, जागोजागी भंडारे. पायात जोडे असून जोडे नसल्यासारखं वाटत होतं, गर्दीमुळे. शिऱ्याचा द्रोण पुढे आला. शैलजाने माझा हात धरला. मी म्हणालो, माईचा प्रसाद परत करू? प्रसाद अंगाला साखरेसारखा लागत नाही, भावनेसारखा लागतो. दुसऱ्या भंडाऱ्यातही हेच सांगावं लागलं. तिसऱ्यात तिने हात धरला नाही, नुसती दुसरीकडे बघत उभी राहिली. याचाही राग आला.

३१ जानेवारी
चार तारखेला रक्त द्यायचं. आता शेवटची तयारी. उद्यापासून काकडी आणि पाणी, दुसरं काही नाही. शुगर बिचारी कुठून वर जाणार?

फॅक्टरीत तपासणीच्या आधी सगळे हेच करायचे. भिंतींना चुना, पेटीत वरच्या थरात निवडक चांगला माल. मी त्यांना पुरून उरायचो. वरचा पीस कधीच उचलला नाही, हात खाली घालून मधला काढायचो आणि लॉट रिजेक्ट करायचो. चेरीतालच्या पोरासोरांनाही ही गोष्ट पाठ आहे. पण ते डोकं माझं. अनुपमकडे ते कुठून येणार?

३ फेब्रुवारी, सकाळी पाच
काकडीचा संताप येतोय. जगातल्या सगळ्या काकड्यांचा. उभं राहिलं की भोवंडतं, तोंड कोरडं. तरी क्लासला जातो. उद्याच्या विजयाच्या आधी एकदा भय्यासाहेबाकडे बघून घ्यायचं आहे.

५ फेब्रुवारी. हॉस्पिटल.
अक्षर वाकडं येतंय, हाताला सलाईन आहे.

मला एवढंच आठवतं की शवासन लागलं. खरं लागलं. पहिल्यांदाच शेजारी आला नाही, गॅसवाला आला नाही, साहेब आला नाही. पूर्णिमाचा आवाज लांबून आला, देखिए, आज अंकलजी ने सब छोड़ दिया. मला बरं वाटलं. शेवटी कौतुक झालं.

बाकीचं भय्यासाहेबाने सांगितलं. सगळे उठले, चटया गुंडाळल्या. मी उठलो नाही. शैलजा हसत हाक मारायला आली, मग हसायची थांबली. भय्यासाहेबाने मला उचलून गाडीत घातलं. तेवढं पोट, दुखरे गुडघे असताना. शुगर पाचशेच्या वर होती.

किती सुया टोचल्या त्याचा हिशोब नाही. मी बेशुद्ध असताना टोचल्या, ही फसवणूक आहे. नर्सला तसं बोललो. ती म्हणाली, चिल्लाइए मत, बीपी बढ़ता है. इथली खिचडी बेचव आहे. भय्यासाहेब रोज येतो आणि काही बोलत नाही, त्याचा तर फारच राग येतो.

६ फेब्रुवारी
अनुपम आला. तीन महिन्यांची सरासरी बारा. मी म्हणालो, अशक्य, दोन दिवस काकडीशिवाय काही खाल्लं नाही. तो पलंगावर बसला. म्हणाला, काका, लहानपणी तुम्हीच सांगायचे ना, वरचा पीस नाही बघायचा, हात घालून मधला काढायचा. ही टेस्ट तेच करते. दोन दिवसांचा चुना तिला दिसत नाही.

माझंच सँपल, माझ्यावरच. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. मग तो म्हणाला, आता इन्सुलिन, काका.

८ फेब्रुवारी
घरी आलो. मागच्या अंगणात शैलजा वाळलेली तुळस काढून नवी लावत होती. कुंडी उलटी केली होती. मातीत सगळीकडे पांढरं पांढरं.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. एका वेळी एकच गोष्ट वगैरे. सुरुवातही केली. ती ओरडली असती तर मी डबल ओरडलो असतो, त्यात मी कच्चा नाही. ती पायरीवर बसली आणि मातीच्या हातांनीच डोळे पुसायला लागली. म्हणाली, मी तिथं हाका मारून राहिले होते, तुम्ही हलून नव्हते राहिले. मला वाटलं, गेले. तुम्ही चाचणी कोणाची करून राहिले होते, माझी?

स्वतःचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. सवय नाही, म्हणून काय करावं तेही कळेना. झाडू आणून माती भरली.

१० फेब्रुवारी
आज घरची पहिली सुई. शैलजाने शिकून घेतलंय. मी ओरडत होतो की दिवा नीट नाही, पंखा कशाला चालू आहे, सुई जाडी आहे. पूर्णिमा भेटायला आली होती, दारातच उभी. म्हणाली, अंकलजी, आँखें बंद. साँस अंदर. अब छोड़िए, धीरे धीरे.

सोडला. पूर्ण सोडला, बहुधा नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच.

शैलजा म्हणाली, झालं. मी विचारलं, काय झालं? सुई केव्हाच बाहेर होती. रागवायला काहीतरी शोधत होतो, तेवढ्यात पूर्णिमा चहा पिऊन गेलीसुद्धा.

नंतर शैलजाला सांगितलं की ही चाचणी साफ बिघडली आहे. सुई चालू, गोळ्या चालू, श्वास चालू, जिलबी बंद. सगळं एकदम बदललं. आता शुगर उतरली तरी कशामुळे उतरली, हे कधीच कळणार नाही.

ती म्हणाली, नाही कळलं तरी चालते. तुम्ही शवासनातून तेवढे उठत जा.